चार नंबरची बाटली

आमच्या ह्यांची जीभ म्हणजे एक प्रकरण आहे. चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवतात आणि खोकल्याचं मिक्श्चर अजून स्वतःच्या हाताने बनवतात. एकदा एका कंपनीच्या माणसाने नवं सिरप आणलं, तर ह्यांनी थेंबभर चाटून विचारलं, "साखर कधीपासून बदललीत?" त्या माणसालाही ठाऊक नव्हतं. त्याने ऑफिसात फोन करून विचारलं, तर खरंच बदललेली. घरात मला ह्या जिभेचा काय जाच होतो ते मी सांगत बसत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर "उद्याचं मीठ आजच घातलंस का," एवढंच म्हणतात आणि जेवतात. चिडले असते तर परवडलं असतं.

आणि ह्याच जिभेने तीन वर्षांत एकुलत्या एका मुलीशी एक शब्द बोललेला नव्हता.

मुलगी औषधांचं शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. दुकानाच्या पाटीवर ह्यांच्या नावाखाली तिच्यासाठी जागा सोडून ठेवली होती. तर ही बाई एक कोर्स करायला म्हणून पोर्तुगालला गेली आणि तिथेच एका द्राक्षमळ्यात राहिली. वाइन बनवते. पायाने द्राक्षं तुडवतात म्हणे तिकडे, दगडी हौदात उतरून. एवढं शिकवलं ते ह्यासाठी? तेव्हा मी फोनवर बरंच बोलले, दुसऱ्या दिवशी रडले आणि तिसऱ्या दिवशी परत फोन केला. हे काहीच बोलले नाहीत. तीन वर्षं असंच. मी तिच्याशी बोलत असले की हे पेपर वाचत, आणि फोन संपेपर्यंत पान उलटत नसत.

गेल्या महिन्यात तिने खोकं पाठवलं. आत सहा बाटल्या. मग तिचा फोन आला. "आई, पाच दुसऱ्यांच्या आहेत, नावाजलेल्या. सहावी माझी. माझी पहिली. लेबल लावलेलं नाही. बाबांना सांगू नकोस, नुसती चव दे आणि ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळव."

"इतकं काय अडलंय?"

"मालक मला मळ्याचा एक तुकडा स्वतंत्र करायला देतायत. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय. इथले सगळे छान छान म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. बाबा वाईट म्हणाले तर मी परत येते. दुकानात उभी राहते."

आता मी खोटं कशाला बोलू? फोन ठेवला आणि मनात म्हटलं, देवा, वाईट निघू दे.

नुसतं म्हणून थांबले नाही. वाइनला ऊन सोसत नाही हे मी ऐकून होते. ती बिनलेबलाची बाटली मी खिडकीत ठेवली, दुपारचं ऊन येतं तिथे. दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडू मारताना तिच्याकडे लक्ष गेलं. बुचावरून गळ्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला, बाटली अगदी स्वच्छ पुसलेली. मला माझीच लाज वाटली. उचलली आणि पलंगाखाली अंधारात सरकवली. पण दोन दिवस ते दोन दिवस.

ह्यांना सरळ "चव बघा" म्हटलं असतं तर बाटलीला हात लावला नसता. म्हणून चव सगळ्या बिल्डिंगनेच बघायची असं ठरवलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई माझ्या जिवाभावाच्या; सहाही बाटल्यांचं खोकं मी गुपचूप त्यांच्याकडे नेऊन ठेवलं. त्यांनी येऊन ह्यांना सांगितलं, "काका, माझ्या दिराला सोडतीत वाइनचं खोकं लागलं. घरात कुणी पीत नाही. आपण चारचौघांत चव घेऊ या का? सगळ्या पोर्तुगालच्याच आहेत म्हणे."

"कसली सोडत?" हे म्हणाले.

"शिलाई मशीनवाल्यांची."

"बरं," हे म्हणाले.

कुणी म्हणेल, मुलगी पोर्तुगालला, बाटल्या पोर्तुगालच्या, आणि माणसाला शंका येऊ नये? मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी माझी गत होती. जो माणूस डॉक्टरच्या चिठ्ठीवर वीस प्रश्न विचारतो तो नुसतं "बरं" म्हणाला, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

उलट सगळी सूत्रं ह्यांनीच हातात घेतली. लेबल बघून चव घेणं म्हणजे पावडर बघून मुलगी पसंत करणं, असं त्यांचं मत. रविवारी दुपारी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं आणि सहाही बाटल्या दुकानातल्या तपकिरी औषधाच्या बाटल्यांत ओतल्या. वर एक ते सहा चिठ्ठ्या. चिठ्ठ्या दुकानाच्याच, त्यामुळे प्रत्येकीवर 'वापरण्यापूर्वी हलवावे' छापलेलं. ते प्रत्येक चिठ्ठीवरून पट्टी लावून खोडलं. रिकाम्या बाटल्या ओट्याखाली ओळीने ठेवल्या, त्यांनाही तेच नंबर. दार उघडल्यावर मी पाणी घ्यायच्या निमित्ताने वाकून बघून घेतलं. बिनलेबलाची चौथी होती.

पाच वाजता मंडळी जमली. शिंपीणबाई, दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींना बोलवलं नव्हतं, पण चार माणसं जिन्यातून एका दिशेने निघाली की त्यांना आपोआप कळतं. टेबलावर साधा पाव, चीज आणि पाणी. ग्लास नाहीत. ह्यांनी सिरपच्या बाटलीवर असतात ती मापाची झाकणं मांडली होती, पंधरा मिलीची.

"प्रत्येकी पंधरा," हे म्हणाले. "तोंडात घ्या, दहा आकडे मोजा, थुंका. मग कागदावर लिहा."

कागदावर रकाने होते. रंग, वास, चव, दुष्परिणाम.

थुंकायला डॉक्टरांनी दवाखान्यातून वाट्या आणल्या होत्या. "चूळ भरल्यासारखं फिरवा, डावीकडून उजवीकडे," असं त्यांनी दाखवलं आणि सवयीने शिंपीणबाईंना म्हणाले, "आता थुंका. दुखतंय का?"

शिंपीणबाईंनी एक नंबरचं झाकण उचललं, नाक दाबलं, डोळे मिटून घटकन गिळलं आणि वर पाणी प्यायल्या. तपकिरी बाटली बघितली की त्यांचा हात आपोआप नाकाकडे जातो. सेक्रेटरींनी विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" त्यांना चेष्टा करता येत नाही, त्यामुळे हा प्रश्नच होता.

"आता घ्यायचं," हे म्हणाले.

एक, दोन, तीन झाल्या. डॉक्टरांनी एक नंबरला 'हिरड्यांना चांगली' लिहिलं. सेक्रेटरी थुंकत नव्हते. थुंकल्याने सोसायटीच्या नियमाचा भंग होतो असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि दुष्परिणामाच्या रकान्यात ते दर वेळी 'अद्याप नाही' लिहीत होते. शिंपीणबाईंनी तिन्हींना दहापैकी दहा दिले. कुणाला वाईट का म्हणा.

मला ह्या कशाचंच हसू येत नव्हतं. माझे डोळे चार नंबरवर.

ह्यांनी ती बाटली उघडली. सगळ्यांना ओतली, स्वतःला शेवटी. डॉक्टर म्हणाले, "जरा आंबट आहे." सेक्रेटरी म्हणाले, "जरा नाही, बरीच." शिंपीणबाईंनी नाक सोडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर बाई आवडली." त्यांना चौथी कुणाची ते मी मघाशीच जिन्यात सांगितलं होतं.

ह्यांनी झाकण उजेडाकडे धरलं. वास घेतला. तोंडात घेतली. दहा आकडे संपले, वीस झाले असतील. हे थुंकले नाहीत.

वाईट म्हणाले की माझी पोर पुढच्या महिन्यात घरी. तिची खोली, तिची गादी, सगळं मी तसंच ठेवलंय.

"घाई केली," हे म्हणाले. "द्राक्षं कच्ची तोडली. चार दिवस थांबायला हवं होतं. आंबटपणा तिथला आहे." परत एक घोट घेतला. "मधे कुठेतरी दोन दिवस ऊन लागलंय. ते घराचं ऊन आहे, मळ्याचं नाही. तो बनवणाऱ्याचा दोष नाही."

मी चीजचे तुकडे सारखे करायला घेतले. सारखेच होते.

"मार्क किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सहा." आणि त्यांनी बाटलीला बूच लावलं. आधीच्या तिन्ही उघड्याच होत्या.

पाच नंबर, सहा नंबर कशी होती मला विचारू नका. साडेसहाला मंडळी उठली. निकाल लागला. शिंपीणबाईंमुळे सगळ्या जवळपास पहिल्या आल्या. सेक्रेटरींनी कागद दाखल करून घेतो म्हणून घडी घालून नेले आणि जिन्यात एक पायरी चुकले.

मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. मनात वाक्य जुळवत होते. सहा म्हणजे वाईट की चांगलं? "बाबांना आवडली नाही, आंबट आहे म्हणाले." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढं म्हटलं की झालं. जसंच्या तसं कळव म्हणाली होती, पण जसंच्या तसं म्हणजे सगळंच, असं थोडंच आहे? नंबर लावला. तिकडे रिंग वाजायला लागली.

"दे इकडे," मागून हे म्हणाले.

दारात उभे होते. एका हातात चार नंबरची बाटली. दुसरा हात त्यांनी शर्टाच्या खिशात घातला आणि एक पांढरा दोरा काढून माझ्यापुढे धरला. दोन वेढे, एक गाठ, टोक आत खोचलेलं. बूच उडू नये म्हणून मिक्श्चरच्या बाटल्यांना हे असाच दोरा बांधतात, ह्यांच्या वडिलांपासूनची रीत. जगात दुसरं कुणी बांधत नाही. सहावीत असताना मुलगी दुकानात स्टुलावर बसून ही गाठ शिकली होती. लेबल लावायचं नाही हे तिला सुचलं, पण हात आपलं काम करून बसला. आणि मी? चौतीस वर्षं घरात तेच दोरे बघतेय. दोन दिवस बाटली खिडकीत ठेवली, उचलली, आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटतं, बाटलीला दोरा असतोच.

"गाठ कापली नाहीत ना?" असं काहीसं मी बोलायला गेले. काय बोलत होते देव जाणे.

"सरकवून काढली," हे म्हणाले आणि फोन कानाला लावला.

"आई?" तिचा आवाज मला इथवर ऐकू आला. "काय म्हणाले?"

"चार दिवस आधी तोडलीस," हे म्हणाले.

मी कान फोनजवळ नेला.

"पाच," ती म्हणाली. "पाऊस येईल म्हणत होते सगळे. मी घाबरले, बाबा."

"आला का पाऊस?"

"नाही."

"मग." ह्यांनी बाटली टेबलावर ठेवली. घसा साफ केला. तीन वर्षांचं बोलायचं होतं, आणि हे खोकल्याचं मिक्श्चर बनवणारे गृहस्थ घसा साफ करत उभे. "पुढच्या वर्षी थांब. कुणी काही म्हणो. रोज एक दाणा तोंडात घालायचा आणि जीभ सांगेल तेव्हाच तोडायचं. गाठ चांगली आहे."

आणि फोन माझ्या हातात दिला.

पुढच्या वर्षी, म्हणाले. म्हणजे पुढच्या वर्षीही ती तिथेच. एवढा हिशेब मलाही कळतो. मला राग आला. तीन वर्षं हे गप्प बसले आणि तोंड उघडलं ते मुलीला तिकडे ठेवून घ्यायला. पाटीवरची जागा ह्यांची होती, पण खोली तर मी झाडत होते. मग मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

"आई, बाबा रागावलेत का?"

"नाही. काम सांगितलंय त्यांनी तुला."

"तू रडतेयस?"

"बाबा म्हणाले, बाटलीला ऊन लागलंय. मीच ठेवली होती खिडकीत," मी म्हटलं. "दोन दिवस. तुझ्या वाइनचा त्यात काही दोष नाही." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तू काहीतरी करशील." हसत होती की रडत होती, कळलं नाही.

"तुडवायला उतरतेस ना हौदात," मी विचारलं, "त्याआधी पाय नीट धुतेस ना?"

"धुते, आई."

"साबणाने?"

"साबण नाही चालत. वाइनमधे वास उतरतो."

"असं कसं? साबणाशिवाय पाय स्वच्छ कसे होणार?"

हे पेपर उघडून बसले होते. पान उलटून म्हणाले, "बरोबर आहे तिचं."