चार बोटं मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुनी, वजनदार आणि दिसायला बेढब पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला वाजवायची पेटी आठवेल. मी त्यातली नव्हे. मी स्वतः गप्प राहते आणि पोटात चेलो सांभाळते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, उंचीने जवळजवळ तुमच्याएवढा आणि प्रकृतीने भलताच नाजूक.

मला घडवलं ते होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने. त्याने फायबरचे थर एकावर एक चढवले, घासले, पुन्हा चढवले. समुद्रात टाकली तरी बुडणार नाही, असं तो म्हणायचा. कुणी टाकून पाहिलं नाही, हे माझं नशीब. पुढे एका वादकाबरोबर मी वीस वर्षं गावोगाव हिंडले. उचलणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण आतल्या चेलोवर ओरखडा येऊ दिला नाही. मग वादक थकला, बाजारात हलक्या चकचकीत पेट्या आल्या आणि मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांच्या दुकानात माळ्यावर जाऊन पडले. त्यांच्या बोटांना कायम डिंक लागलेला असायचा, म्हणून सगळे त्यांना डिंककाका म्हणत. नऊ वर्षं माझ्या पाठीवर रंगाचे डबे होते. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एके दुपारी एक मुलगी आणि तिचे बाबा दुकानात आले. मुलीला दूरच्या शहरातल्या संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. चेलो एकच. विमानात त्याच्यासाठी वेगळं आसन घेणं घराला झेपणारं नव्हतं, म्हणजे तो सामानाबरोबर खाली जाणार. तिथे तो मोडला की सगळं संपलं. बाबांनी दाराजवळच्या पांढऱ्याशुभ्र नव्या पेटीवर बोट ठेवलं.

"थांबा, आधी पाडून बघू," डिंककाका म्हणाले.

मित्रांनो, या माणसाची मला खरंच कमाल वाटते. दुसरा कुणी असता तर त्याने नवी पेटी पुसून हातात दिली असती. काकांकडे मान मोडलेला एक निकामी चेलो होता. बोटं फिरतात त्या लांब दांडीला ते मान म्हणत. ती त्यांनी कागदाच्या पातळ पट्टीने जागेवर चिकटवली, चेलो पांढऱ्या पेटीत ठेवला आणि पेटी टेबलावरून सरळ खाली ढकलून दिली. उघडून पाहिलं तर पट्टी फाटलेली. मग त्यांनी मला माळ्यावरून उतरवलं, धूळ झटकली आणि माझीही तीच गत केली. माझी हाडं खिळखिळी झाली, पण पट्टी जशीच्या तशी होती.

"हे बघ," ते मुलीला म्हणाले, "हिच्यात चेलो खांद्यांवर आणि बुडावर टेकतो. डोक्याभोवती चार बोटं जागा मोकळी आहे, म्हणून धक्का तिथवर पोहोचत नाही. त्या पांढरीत डोक्यापर्यंत गादी ठासलीय."

"मोकळी जागा?" बाबा म्हणाले. "अहो, मी काचसामानाच्या गोदामात पॅकिंग करतो. सव्वीस वर्षं झाली. चार बोटं जागा सोडली तर पेल्यांचा चुरा होतो."

"पेल्यांचं मला ठाऊक नाही. ह्याचं ठाऊक आहे."

बाबांना ते पटलं नव्हतं. मुलीने मात्र मलाच निवडलं. विमानाच्या सामानाच्या मर्यादेत वजन बसावं म्हणून काकांनी माझी चाकं आणि बाहेरचा खिसा काढून टाकला. एरवी मी रुसले असते, पण त्या दिवशी सगळं चालवून घेतलं.

निघायच्या सकाळी मुलगी अंघोळीला गेली आणि बाबांनी मला हळूच उघडलं. वर्तमानपत्रांचे घट्ट बोळे करून ते चेलोच्या डोक्याभोवती बसवू लागले. काय हात होता त्यांचा! एकेक बोळा मापात, कुठे फट नाही. लेकीच्या काळजीने त्यांना राहवलं नव्हतं. याच बोळ्यांनी चेलोची मान मोडेल, हे मला कळत होतं, पण सांगणार कशी?

विमानतळावर तपासणी करणाऱ्या बाईंनी मला उघडायला लावलं. बोळे पाहून मुलगी थबकली. ते कुणाचं काम आहे, हे तिला विचारावं लागलं नाही. मागे रांग खोळंबली होती आणि तिला सोडायला पास काढून आत आलेले बाबा शेजारीच उभे होते. चारचौघांत त्यांचं काम उपसून काढायचं तिच्या जिवावर आलं. तिने एक बोळा धरला आणि सोडून दिला.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "पेल्याला मान नसते हो. ह्याचं डोकं असं दाबलं तर बाहेरचा धक्का थेट मानेत जाईल. मला परीक्षेत वाजवायचंय."

बाबांचा चेहरा उतरला. आता चिडणार, असं मला वाटलं. पण ते पुढे झाले. "तू सर जरा. ओढून काढलेस तर खुंट्यांना लागेल. मी बसवलेत, मीच काढतो."

सतरा बोळे त्यांनी एकेक करून अलगद काढले आणि पिशवीत भरले. रांगेतले लोक कुरकुरत होते, तरी त्या बाई घाई न करता थांबल्या. त्या सकाळी मला माणसांचं फार कौतुक वाटलं.

उतरल्यावर सामानाच्या गाडीवरून मी डोक्यावर पडले. मला वीतभर तडा गेला. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून उचलताना मुलीने तो पाहिला. तिने मला तिथेच जमिनीवर ठेवून उघडलं, चेलोच्या मानेमागून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. दोन तारा सैल झाल्या होत्या, एवढंच. तिने लगेच फोन लावला.

"बाबा, पेटीला तडा गेलाय. चेलो ठीक आहे. मान शाबूत आहे."

पलीकडून चपला पायात सरकवल्याचा आवाज आला.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. तू जा, सराव कर. मी जरा दुकानात जाऊन येतो."

"आत्ता? कशाला?"

"डिंककाकांना सांगायला. त्यांचंच बरोबर होतं."

मुलीला प्रवेश मिळाला. मी आता तिच्या खोलीत कोपऱ्यात उभी असते आणि तडा मिरवते. मित्रांनो, तुमच्याकडेही जपण्यासारखं काहीतरी असेल. ते जपताना त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे आधी नीट बघा. आणि आपलंच चुकलं असं कळलं, तर ज्याचं बरोबर होतं त्याच्या दारापर्यंत चालत जा.