तळ राखणारी कणगी

मित्रांनो, भरलेलं असताना ज्यातलं कोणी खात नाही, असं भांडं तुम्ही पाहिलंय का? मी तसली आहे. सापगावजवळच्या एका पाड्यावरची बांबूची जुनी कणगी, आणि तीही बियाण्याची. माझ्या शेजारी धान्याची थोरली कणगी असे. ती घरादाराचं पोट भरी आणि कौतुक करून घेई. मला मात्र आषाढात चूल थंड पडायची वेळ आली तरी कोणी हात लावत नसे. त्याचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

१९९१ च्या मार्गशीर्षात पाड्यावरच्या कणग्या विणणाऱ्या बुधूने मला विणलं. तो बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायचा. चांदण्यात तोडलेल्याला कीड लागते म्हणे. मला विणवून घेणाऱ्या लडकूबाबाला माझी घाई झाली होती. "कवा देतोस रे?" म्हणून तो रोज विचारायला येई.

"बांबू सुकल तवा. माज्या हातात नाय त्ये," बुधू हसून सांगे.

अखेर लडकूबाबाने मला डोक्यावरून घरी नेलं. त्याच्या बायकोने, रंगूने, मला शेणामातीने आतून-बाहेरून सारवलं. तिचा तो गार हात मला अजून आठवतो.

मग माझं वर्ष सुरू झालं. झोडणी उरकली की रंगू निवडक भात उन्हात वाळवी, निरगुडीचा पाला घालून माझ्यात भरी आणि वर पेंढा ठेवून तोंड शेणाने लिंपी. उन्हाळ्यात शेतात राब भाजत, म्हणजे पालापाचोळा नि शेण पसरून रोपांची जागा भाजून घेत. तो धूर घरात आला की मी ओळखी, आपली वेळ जवळ आली. मग लिंपण फुटे आणि बी शेतात जाई. पण सगळं नाही. तळाशी पाच पायल्या हळवं भात, शंभरेक दिवसांत पिकणारं, रंगू राखून ठेवी नि माझं तोंड पुन्हा बंद करी. ते उघडायचं थेट नारळी पौर्णिमेला. त्या तांदळाच्या खिरीवर सगळ्या घराचा डोळा असे. "कणगीचा तळ दाखवू नये," असं सगळेच म्हणत. का, ते मात्र रंगू आणि लडकूबाबालाच ठाऊक होतं.

लडकूबाबा गेला आणि शेत त्याच्या मुलाकडे, मनोजकडे आलं. मनोज आटगावकडच्या एका कारखान्यात कामाला जाई. कष्टाला वाघ, पण त्याचं पंचांग कारखान्याच्या सुट्ट्यांचं! २००५ साली त्याने बियाण्यासाठी निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय? मला चुलीत घाला म्हणाला. रंगूने निदान तळाचं भात माझ्यात ठेवायचा हट्ट धरला, म्हणून मी वाचले.

त्या आषाढात मनोजला आठवडाभर सुट्टी मिळाली. ओढ्याकाठची खाचरं लडकूबाबा नेहमी शेवटी लावी. आषाढाचा लोंढा येऊन गेला की मगच. मनोजने वरची-खालची सगळी लावणी त्या आठवड्यातच आटपायला घेतली.

"ओढ्याकडची थांबव रे," रंगू म्हणाली.

"आये, ओढा थांबल, सायेब नाय थांबायचा. सुट्टी संपतेय माजी."

लावणी झाली. घरातला तांदूळ संपत आला होता, थोरली कणगी रिकामी होती. मनोज माझ्यापाशी आला. "पाच पायल्या भात नुसतं बसवून ठेवलंय. गिरणीवर नेतो." त्याने माझ्या लिंपणात अंगठा खुपसला. मी पार हबकले.

रंगू तरातरा उठली. "हात काढ आधी! त्ये भात नाय, त्ये दिवस हायेत."

"दिवस काय कणगीत ऱ्हातात?" मनोज हसला.

"ऱ्हाऊ द्या ना आता," त्याची बायको सारिका मध्ये पडली. "मी माहेरून आणते थोडं तांदूळ." आणि तिने ओल्या शेणाने ते भोक बुजवलं.

जुलै सरता सरता लोंढा आला. वरची खाचरं वाचली, पण घर ज्यांच्यावर जगायचं ती ओढ्याकाठची सगळी धुऊन गेली. मनोज गुडघाभर चिखलाने माखून आला आणि मला टेकून रडला. एवढ्या मोठ्या माणसाचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"रडून काय व्हतंय? दिवस मोज," रंगू म्हणाली.

त्याने पावसाचे उरलेले दिवस बोटांवर मोजले. "रोप करण्यातच तीन आठवडे जातील गो आये. वरातीमागून घोडं व्हईल."

"रोप करायचंच नाय. भात भिजवायचं, मोड आणायचं नि चिखलात फेकायचं. तुज्या बापानं दोनदा केलंय, तुज्या जल्माच्या आधी." तिने माझं लिंपण फोडलं. "ह्याच्यासाठीच ऱ्हातात दिवस कणगीत."

मोड येऊन पेरा होईपर्यंत मनोज कामावर गेला नाही. दिवाळी उलटल्यावर कापणी झाली. सगळी खाचरं काही भरली नव्हती, पण घर जगलं आणि माझ्यात पुन्हा बी आलं. निळ्या पिंपात आता गुरांचं पाणी असतं.

रंगू २००८ च्या उन्हाळ्यात गेली. पेरणीला मनोजने माझं तोंड उघडलं तेव्हा माझ्या मनात धाकधूक होती. त्याने बी काढलं, तळाशी पाच पायल्या राखल्या आणि शेण कालवून स्वतः लिंपलं. मग सारिकेला म्हणाला, "सायबाला सांगितलंय, सुट्टी कवा घ्यायची त्ये ओढा ठरवल."

मित्रांनो, तुमच्याकडे शेत नसेल, कणगीही नसेल, पण दिवस आहेत ना? ज्या कामाची वेळ आली ते टाळू नका, ज्याची आली नाही ते दामटू नका. आणि सगळे दिवस एकदम उधळू नका, थोडे तळाशी राखा. आमच्यासारख्या जुन्यांना वर्षातून एकदा सारवलंत, की आम्ही ते जपू.

रंगू गेली त्या वर्षीही नारळी पौर्णिमेला घरात खीर झाली. पहिली वाटी मनोजने माझ्या पायाशी ठेवली, जिथे रंगू बसायची तिथे.