पहिली ओळ कुणी उचलायची

रविवारी सकाळी सव्वानऊला, कामथडीच्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये, इंद्रजितनं शेफालीच्या इलेक्ट्रिक गिटारचे दोन स्क्रू फिरवले आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळचा जाड पिकअप तारांपासून चांगला खाली उतरवला. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

पिकअप तारांची थरथर पकडतो; तो लांब गेला की आवाज मरणार, असा त्याचा हिशेब. अकरा वर्षं तो धनाजीकाकांच्या बेंजो पार्टीत पहिला बेंजो वाजवत होता. वरातीत गाण्याची पहिली ओळ त्यानंच उचलायची, हा नेम. आणि आता महिन्यापूर्वी पार्टीत आलेली ही पानशेतची शेफाली! तिच्या गिटारला तीन पिकअप, पाच खाचांचं बटण. एका खाचेवर स्वच्छ टणत्कार, दुसरीवर घोगरा रॉक. टोनची कळ वर ओढली की जाड पिकअप अर्धा झोपायचा आणि गिटार थेट बेंजोसारखी पातळ बोलायची. इंद्रजितच्या पोटात दुखायचं ते तिथं. रॉक वाजव ना बाई, बेंजो कशाला वाजवतेस?

दहाला तालीम सुरू झाली. वरवे बुद्रुकच्या नवरदेवाला बुधवारच्या वरातीत रॉक हवं होतं. शेफालीनं ॲम्पचा आवाज थोडा वाढवला आणि हात मारला. आवाज मेला नाही. उलट रोजचा गढूळपणा गेला. ढोलाच्या दणक्यातही एकेक तार सुटी ऐकू आली.

"आयला, आज लई मोकळी बोलतीय गं!" धनाजीकाका म्हणाले.

शेफालीनं वाकून पाहिलं. "पिकअप खाली घेतलाय कुणीतरी. महिनाभर मी नुसती बटणंच फिरवत बसले. कोण हो हा कारागीर?"

"इंद्रजितदादाच आलं व्हतं सगळ्यांच्या आदी," ढोलवाला गेनू हसला. "एरवी दहाच्या ठोक्याला येणारा गडी!"

"व्हय रे इंद्रा?" काकांनी विचारलं.

नाही म्हटलं तर मग कुणी, असा प्रश्न येणार होता.

"व्हय," इंद्रजित म्हणाला.

"कान हाय गड्या तुला! मग बुधवारी पहिली ओळ गिटारच उचलू दे. आवाज तू लावून द्यायचा."

सोमवारी शेफाली गिटार त्याच्या घरी ठेवून गेली. "दादा, उरलेले दोन पिकअपही तुमच्या कानानं लावा. मी बुधवारी थेट वरातीतच घेते."

वरात बुधवारी चारला निघणार होती. मंगळवारी दुपारी दोनपर्यंत इंद्रजितनं गिटारची बॅग उघडलेली नव्हती.