काजळानं अडलेली फाईल

बसा की पावणं. मॅडम कोर्टात गेल्यात, यायला दोन तरी वाजतील. ताई, तुम्ही पण टेका जरा. आठ महिने कागद हलंना म्हणून दोघं तोंड पाडून बसलाय, दिसतंय मला. चहा घ्या आन् ऐका. एक फाईल तर मी एकटीनं पाच महिने अडवून ठेवलती. कोर्टानं न्हाय, दिल्लीनं न्हाय, मी.

मी बाळाबाई. शिवाजी पेठेत राहते. ह्या बालगृहात एकवीस वर्सं आया म्हणून हाय. देवानं पोटाला दोन पोरगे दिले, ते फुटबॉलच्या पायी कधी घरात दिसले न्हाईत. पोरगी न्हाय. ती हौस हितं भागली.

दानेश्वरी आली तवा आठ दिवसांची हुती. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी. दवाखान्यात तिला ठेवून कोण गेलं ते गेलं, मी कुणाला नावं ठेवत न्हाय. ज्याचं जळतं त्याला कळतं. नाव ठेवलं आमच्या स्वैपाकीण शिवम्मानं. ती निपाणीकडची, राग आला की कानडीत सुरू होती. पोरीचा डावा पाय घोट्यापासनं आत वळलेला. तीनदा प्लास्टर घातलं, तीनदा पाय परत आत वळला. डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन लागंल, पुढं वर्सानुवर्सं बूट आन् व्यायाम, आन् जितका उशीर कराल तितकं हाड घट्ट होणार.

आपल्यातली तीन जोडपी बघून गेली. पोरगी हसरी, बघितल्या बघितल्या उचलून घ्यायचे. मग खाली सोडायचे, ती चालायची, आन् ह्यांची तोंडं उतरायची. एका बाईनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "दुसरी न्हाय का एखादी?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, कालवड घ्यायला आलाय व्हय? मग वडगावच्या बाजाराला जावा की!" हितलं दत्तकाचं सगळं काम प्रियदर्शनी मॅडम बघतात. त्यांनी त्या दिवशी मला लई झापलं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर नॉर्वेचं पत्र आलं. बाईचं नाव मारित, नवऱ्याचं ओला. ओला! शिवम्मा म्हणाली, "यव्वा, वाळत घाला त्याला!" हसून हसून आम्ही बेजार. मॅडमनी सांगितलं, पायाचं त्यांना सगळं ठाऊक हाय, डॉक्टरचा कागद वाचून होकार दिलाय. मी हसायची थांबले. त्या दोघांच्या कागदांची मुदत पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हुती. तोवर हितलं कोर्ट झालं तर पोरगी त्यांची. न्हायतर त्यांनी पहिल्यापासनं सुरू करायचं, आन् मारितचं वय तवा त्यांच्या नियमात बसणार न्हाय.

मग तयारी सुरू झाली. त्यांनी फोटोंचं पुस्तक धाडलं. रोज जेवण झालं की मी पोरीला मांडीवर घेऊन दाखवायची, ही आई, हा बाबा, हे घर, हे कुत्रं. चार वर्साची पोर, आईबाबाकडं ढुंकून बघायची न्हाय. "कुत्रं कुठाय?" एवढंच. मॅडम म्हणाल्या, तिकडं तिखट खात न्हाईत, हळूहळू कमी करा. शिवम्मानं आमटीत पाणी घालून दिली तर पोरीनं वाटी ढकलली, "कसली आमटी ही!" कोल्हापूरच्या पाण्यावर वाढलेली पोर ती, तिला काय सांगणार?

आन् दर महिन्याला फोटो. एक नॉर्वेला, एक दिल्लीच्या दत्तकाच्या हापिसाला, एक कोर्टाच्या फाईलला. पेठेतला आकाराम फोटोवाला यायचा. मी पोरीला नवा फ्रॉक घालायची, वेणी घालायची आन् शेवटी काजळाचं बोट गालावर टेकवायची. परक्या मुलखातली माणसं हातात फोटो घेऊन बघत बसणार, नजर लागायला कितीसा वेळ? पहिल्या फोटोत उजव्या गालाला तीट लावली. दुसऱ्यात डाव्या. तिसऱ्या वेळी पोरगी एका जागी ठरंना, तर हनुवटीवर उमटली. आपलं लेकरू म्हटल्यावर कोण ध्यानात ठेवतंय?

घोळ केला आमच्या केरबा क्लार्कनं. म्हंजे माझ्या काजळानं आन् त्याच्या पेनानं मिळून. फॉर्मात 'ओळखीची खूण' असा रकाना. पोरगी झोपलेली, म्हणून ह्या शहाण्यानं फोटो बघून लिहिलं, 'उजव्या गालावर काळा डाग.'

कागद जजसायबांपुढं जायच्या आधी दुसरी एक संस्था तपासती. मार्चमधी त्यांची चिठ्ठी आली. कागद म्हणतोय डाग उजव्या गालावर, एका फोटोत तो डाव्या गालावर, एकात हनुवटीवर. पोरी नक्की किती हायत? एकीचा कागद करून दुसरीला धाडताय का?

मॅडम कोल्हापूरच्याच, त्यांना काय कळत न्हाय? मला बोलावून सरळ विचारलं, "बाळाबाई, ही तीट आहे का?"

मी म्हटलं, "न्हाय मॅडम. डाग हाय. कधी उठतो, कधी जातो."

खोटं बोलले. पावणं, आज हासत सांगते, पण तवा का बोलले ते ऐका. एक तर नोकरीची भीती. मॅडमनी बजावलं हुतं, फोटोत काय नटवायचं न्हाय म्हणून. आन् दुसरं... फाईल अडली तर पोरगी माझ्याजवळ राहील, असं मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी आलं. चार वर्सं माझ्या कुशीत झोपलेली पोर. मी तिचं वाईट चिंतलं न्हाय, पण माझं बरं चिंतलं. तेवढ्यानं तिचं वाटोळं व्हायची पाळी आली.

मॅडम माझ्यावर इस्वास ठेवून पोरीला कातडीच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. त्यांनी उलटीपालटी करून बघितली आन् लिहून दिलं, असला काही डागच न्हाय. मग तर फाईल आणखीनच गुतली. मॅडमचं जेवणावरनं मन उडालं. मी आपली धुणं आपटत हुते.

एप्रिलात नॉर्वेचं पार्सल आलं. त्याच्या आधी मारितनं पत्रातनं कळवलं हुतं, पोरीची दोन्ही पावलं कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवा आन् तो कागद धाडा. तो मीच धाडलता, कशाला ते म्हाईत नसताना. पार्सलात लाल लोकरीचे मोजे निघाले. उजवा सरळ. डावा वाकडा विणलेला, जसा तिचा पाय वळलाय तस्सा. घातला तर पायात चपखल बसला, कुठं सुरकुती न्हाय. पोरगी दोन्ही पाय वर करून बघत बसली.

तीन जोडप्यांनी जो पाय बघून तोंड फिरवलं, त्या पायाचं माप घेऊन त्या बाईनं घरी बसून एकेक टाका विणला हुता. पोरीला अजून डोळ्यांनी बघितलं न्हवतं. मला माझीच लाज वाटली. तशीच उठले, ओल्या हातानं मॅडमच्या खोलीत गेले आन् म्हटलं, "तीट हाय. मीच लावली. खोटं बोलले. काय करायचं ते करा, पण पोरीला जाऊ द्या."

मॅडम खुर्चीतनं उठल्या. मग जे बोलल्या ते मी सांगत न्हाय, लायकीचंच हुतं. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, त्याच दिवशी बोलला असतात तर आठ दिवसांत मिटलं असतं." आता तोंडी सांगून भागणार न्हवतं. जजसायबांपुढं उभं राहायला लागणार हुतं. त्यात मे महिन्याची कोर्टाची सुट्टी लागली. जून गेला. तारीख मिळाली जुलैच्या शेवटाला. ते तीन महिने मी कसे काढले ते अंबाबाईला ठाऊक.

जजसायबांनी आम्हाला आत खोलीत बोलावलं. पोरगी माझ्या कडेवर. मी फाडफाड सगळं सांगितलं. सायब म्हणाले, "तीट मलाही कळते, बाई. माझ्या आईनंही लावली असेल. पण दरवेळी जागा का बदलली?"

"सायब, पोर घावंल तिथं लावायची. ती काय एका जागी बसती?"

सायब हसले न्हाईत. म्हणाले, "ते खरं असेल. पण हीच ती मुलगी, हे मी कशावरून धरू?"

मॅडम कागद चाळायला लागल्या. काय करावं सुचंना, मी पोरीला खाली सोडलं. ती आपली निघाली टेबलाकडं, सायबांचा पेपरवेट बघायला, डावा पाय फेकत फेकत. सायब त्या पायाकडं बघत राहिले. मग फाईल उघडली. आठव्या दिवशीचा डॉक्टरचा कागद, प्लास्टरचे तीन कागद, वर्सावर्साचे एक्स-रे, सगळ्यात तोच पाय. पाय फाईलीत सगळीकडं हुता, फक्त ओळखीच्या रकान्यात न्हवता. केरबाला ते लिहायला बरं वाटलं नसंल.

"लिहून घ्या," सायब म्हणाले, "ओळखीची खूण, डावा पाय."

मी तिथंच रडायला लागले. पट्टेवाल्यानं पाणी आणून दिलं. पोरगी पेपरवेट घेऊन पळायच्या बेतात हुती. ऑगस्टमधी हुकूम निघाला. पासपोर्ट आला. आन् सप्टेंबरात ती दोघं आली, मुदतीच्या आत.

मारित उंच, हाडकुळी, नाक उन्हानं लाल झालेलं. वाटलं हुतं, येईल आन् पोरीला उचलंल. तर ती फरशीवर बसली, लांब, भिंतीला टेकून. हातात वही. मॅडमच्या मार्फत मलाच विचारत राहिली. कुठल्या कुशीवर झोपती? रडली की काय करता? कशाला भिती? मी सांगत गेले, ती लिहीत गेली. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवती, हे पण लिहिलं. चार वर्सं जे माझ्या एकटीजवळ हुतं ते सगळं तिच्या वहीत गेलं. काळीज तुटत हुतं, पण सांगताना मी काही राखून ठेवलं न्हाय. एकदा राखून बघितलं हुतं की.

दोन दिवस पोरगी माझ्या पदराआड. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "बाळाबाई, आता तुम्ही समोर येऊ नका." मी शिवम्माजवळ लसूण सोलत बसले. बाहेर पोरगी ओरडत हुती, "बाळामावशी! बाळामावशी!" मी उठले. शिवम्मानं माझा हात धरून खाली बसवलं. किलोभर लसूण सोलला असंल. मग आवाज बारीक झाला, मग थांबला. दाराच्या फटीतनं बघितलं तर पोरगी मारितच्या मांडीवर झोपली हुती, मी सांगितलं तशीच डाव्या कुशीवर, आन् ओला शेजारी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत हुता.

जायच्या दिवशी जीप दारात लागली. मारितनं माझे दोन्ही हात धरले आन् पाठ केलेलं मराठी बोलली, "तुमचे उपकार आहेत." मी म्हटलं, "अगं बाई, कुणी कुणाचे मानायचे? तू आलीस, हेच माझ्यावर उपकार." तिला किती कळलं देव जाणे. हात मातूर सोडले न्हाईत.

सगळ्यांनी मला बजावलं हुतं, पोर रडंल, पदर सोडणार न्हाय, मन घट्ट कर. मी पदर तोंडात धरून उभी. जीप सुरू झाली. पोरगी मारितच्या मांडीवर, एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हाताचं बोट पुढं करून विचारत हुती, "कुत्रं कुठाय? कुत्रं कुठाय?" जीप वळली, रस्त्याला लागली, दिसंनाशी झाली.

पोरीनं एकदा पण मागं वळून बघितलं न्हाय. मी दारातच बसले आन् आई अंबाबाईला हात जोडले.