दोन स्क्रूंवर टांगलेला पाट

मी पाट बोलतोय. जेवायला बसायचा, ओवाळून घ्यायला बसायचा साधा लाकडी पाट. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला पाहून कुणीच पाट म्हणत नाही. कुणी 'वॉल आर्ट' म्हणतं, कुणी नुसतंच 'पीस'. परवा एक पाहुणी तर मला ट्रे समजली.

माझा मुक्काम सध्या कोपरखैरण्यातल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर आहे. तिथल्या हॉलमध्ये, मोरपंखी भिंतीवर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीला मी दोन स्क्रूंवर टांगलेला आहे. पाटाला स्क्रू! ज्याच्यावर माणसानं बसायचं, तो माणसांच्या डोक्यावर जाऊन बसलाय.

माझा जन्म संगमेश्वरकडचा. सिताराम तेव्हा वीस वर्षांचा होता, सुतारकामात नुकता हात बसत होता. धाकट्या बहिणीचं, मालतीचं लग्न ठरलं, तेव्हा त्यानं परसातला वाळलेला फणस चिरून मला घडवलं. चारी कोपऱ्यांत पितळेची फुलं बसवली. त्यातलं एक किंचित तिरकं गेलं. त्याला ते दिसलं होतं, पण लग्न दोन दिवसांवर आलेलं.

मालतीबरोबर मी इकडे आलो. सिडकोच्या एका खोलीत संसार सुरू झाला. तिथे मला क्षणाची उसंत नव्हती. सकाळी माझ्यावर बसून भाजी निवडायची, दुपारी जेवायचं, केयूर झाल्यावर त्याला न्हाऊ घालायला पुन्हा मीच. त्याचे सगळे वाढदिवस माझ्यावर ओवाळले गेले. आणि दर भाऊबीजेला सिताराम यायचा. तोही एव्हाना कळंबोलीला लाकडी खोकी ठोकायच्या कामाला लागला होता. तो माझ्यावर मांडी घालायचा, तबक फिरायचं, आणि ओवाळून झालं तरी बराच वेळ उठायचा नाही. त्या दिवसाची मी वर्षभर वाट पाहायचो.

पुढे या टॉवरमध्ये घर घेतलं, डायनिंग टेबल आलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो. मला राग नव्हता. भाऊबीज माझी होती, तेवढं पुरे होतं.

मग केयूरचं लग्न झालं आणि क्षिप्रा आली. महापेला नोकरी करते, हुशार आहे, बोलकी आहे, आणि तिला पांढरी भिंत बघवत नाही. वर्षभरात तिनं हॉलचा कायापालट केला. एक भिंत मोरपंखी, दुसरी हळदीसारखी पिवळी. सोफा राणी रंगाचा, त्याच्या पायाशी बुद्धिबळाच्या पटासारखा गालिचा. ट्रकच्या पाठीवर असतात तसली फुलं काढलेली पेटी, राजस्थानी बाहुल्या, कुठल्याशा देशाचा डोळे वटारलेला मुखवटा. सगळं एकमेकांना धक्के देत उभं आहे.

वाईट दिसतं असं मी म्हणणार नाही. आत पाऊल टाकलं की माणूस हसतो, हे मी रोज वरून बघतो. पण इथल्या घंगाळात पाणी नाही, कंदिलात वात नाही, भिंतीवरचं घड्याळ पावणेचारला थांबलंय ते थांबलंय. सगळ्यांनी नुसतं दिसायचं. मला हे जमत नाही हो!

मी या भिंतीवर कसा आलो तेही ऐका. क्षिप्राला मी दारामागे सापडलो. तिचे डोळेच चमकले.

"आई, हा पाट मी घेऊ? रंगवून भिंतीवर लावला ना, काय भारी दिसेल!"

मालतीबाईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "घे की. तसाही पडूनच असतो."

आता आमच्याकडे पहिलं 'घे' हे घ्यायचं नसतं. समोरच्यानं म्हणायचं, "नको, तुमच्या लग्नातला दिसतोय, राहू दे." मग आपण म्हणायचं, "हो गं, दादानं केलेला आहे." इथे विषय संपतो आणि दोघींचा मान राहतो. मालतीबाईंच्या नणंदा, जावा, शेजारणी सगळ्यांना हे ठाऊक. क्षिप्रा सरळ मुलगी. घे म्हटलं, तिनं घेतलं. "थँक्यू आई!" म्हणून मिठी मारली आणि त्याच रविवारी मला पोपटी रंग दिला. वर नारंगी पट्टे, मधोमध एक भला मोठा डोळा. पितळेची फुलं रंगाखाली गेली. मग ड्रिल चालवलं. मालतीबाई स्वयंपाकघरात कुकर लावत होत्या.

या वर्षीच्या भाऊबीजेला सिताराम आला. केयूर मिठाई आणायला खाली गेला होता, क्षिप्रा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. मालतीबाईंनी सवयीनं जमिनीवर रांगोळीची चौकट काढली. काढून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी बसायचा मखमलीचा गोल पफ ओढत आणला आणि त्या चौकटीत ठेवला.

"पाट कुठाय?" सितारामनं विचारलं.

"माळ्यावर टाकलाय. काढायला वेळच नाही झाला."

मी त्याच्यापासून दीड हातावर, भिंतीवर होतो. ओरडावंसं वाटलं. सिताराम पफवर बसला, बसताना जरा कलंडला, हसला. ओवाळणं दोन मिनिटांत उरकलं.

उठल्यावर तो भिंतीवरचं एकेक बघत फिरला. माझ्यासमोर येऊन थांबला. पोपटी रंग पाहिला, डोळा पाहिला, आणि पुढे निघाला. माझा बाप मला ओळखत नव्हता! पण सुताराचा हात गप्प बसत नाही. परत वळून त्यानं माझ्यामागे बोटं घातली. तिथे रंग नव्हता. खालच्या पट्ट्या त्यानं खिळ्याशिवाय, खाच करून बसवल्या होत्या. ती खाच त्यानं दोनदा चाचपली.

मालतीबाई खाली मान घालून तबकातल्या अक्षता गोळा करत होत्या.

"मालू," तो हळूच म्हणाला, "स्क्रू कडेपासून आत मारलेत. अगदी कडेला मारले असते तर चिरला असता."

"दादा, पोरीला काय माहीत... मीच घे म्हटलं. तुला राग आला?"

"राग कसला. फक्त पुढच्या वर्षी खाली बसव मला. गुडघे आहेत तोवर बसतो. डॉक्टर म्हणतात, दोन्ही बदलायला लागतील. मग मांडी विसरायची."

केयूर मिठाई घेऊन आला आणि बोलणं तिथेच राहिलं.

तेव्हापासून मालतीबाई रोज दुपारी माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. स्क्रूवर बोट फिरवतात. संध्याकाळी क्षिप्रा आली की तोंड उघडतात आणि विचारतात, "चहा टाकू?" मला तोंड नाही म्हणून मी गप्प. यांना काय झालंय?

काल क्षिप्रा लवकर घरी आली. तिनं त्यांना माझ्यासमोर उभं पाहिलं.

"आई, तुम्हाला हा खूप आवडतो ना?"

आता बोला. आता तरी बोला.

"हो गं," मालतीबाई म्हणाल्या. "छान झालाय."

क्षिप्रा इतकी खूश झाली की तिनं लगेच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. माझ्यावर खास दिवा बसणार आहे. भिंत फोडून वायर आत घेणार, मला पक्कं बसवून चारी बाजूंनी पट्टी मारणार. म्हणजे मग मी कायमचा भिंतीचा.

मालतीबाई, ती पोर वाईट नाही. तुम्ही एक वाक्य बोललात तर ती स्वतः स्टुलावर चढून मला उतरवेल. रंग राहू दे अंगावर, डोळासुद्धा राहू दे. मला फक्त जमिनीवर ठेवा.

आज गुरुवार आहे. इलेक्ट्रिशियन शनिवारी सकाळी येतोय.