ताईअक्काच्या बोटाला टांगलेला ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो. पितळेचा, टोकाला जरा चेपलेला. १९०९ साली धुळ्याच्या एका ओताऱ्याने मला घडवले आणि मी जीवराम मिस्त्रीच्या पिशवीत आलो. दोरी सोडली की सरळ लोंबायचे, एवढेच माझे काम. त्यात मी कुणाची भीड धरली नाही. जीवराम माझी फार तारीफ करायचा आणि मी शेफारलो होतो, हे आताच सांगून टाकतो.

सावद्याजवळ तापीच्या पात्रात एक बेट आहे. तिथे केळीच्या बागा, महादेव आणि एक धर्मशाळा. श्रावणात जत्रा भरते, तेव्हा बायकापोरे धर्मशाळेतच उतरतात. १९२८ साली फैजपूरच्या रुपचंदशेठनी ती नव्याने बांधायला घेतली. त्यांना भुसावळच्या रेल्वे बंगल्यांसारखा थाट हवा होता. नदीकडची जुनी दगडी भिंत ठेवायची की पाडायची, हे ठरवायला जीवरामने मला लावले. भिंत वीतभर मागे कललेली निघाली.

"वाकडी आहे, पाडा," शेठ म्हणाले.

वरचे तीन थर उतरले, तेव्हा पाटलांची म्हातारी ताईअक्का काठी टेकत आली. "अरे जीवराम, हे काय केलं बाप्पा तू! पुराची रेघ होती तिच्यावर!"

सर्वांत मोठा पूर जिथवर चढला, तिथे ती रेघ कोरलेली होती. दर जत्रेआधी पाटलांची नवी सून तिला शेंदूर लावायची. अक्काने अकरा वर्षे लावला. पुढच्या सुनांनी सोडून दिले, आणि उतरवलेल्या दगडांवरची ती शेवाळाखालची रेघ कुणाला दिसलीच नाही. भिंत कललेलीही नव्हती. पाण्याचा रेटा सोसावा म्हणून जुन्या गवंड्यांनी प्रत्येक थर बोटभर मागे घेतला होता. जीवरामला ते आता उमगले. मला अजून लाज वाटते.

"नवं जोतं रेघेच्या वर पाहिजे. पण आता उंची कुठून आणायची?" जीवराम म्हणाला.

"मले माहीत आहे ना. हात वर केला, की बोटं बरोबर रेघेले लागत."

अक्का भिंतीशी उभी राहिली आणि तिने हात वर केला. जीवरामने माझी दोरी तिच्या बोटाला अडकवली. बोट थरथरत होते. जन्मात पहिल्यांदा मला स्थिर राहता येईना.

"झालं, घ्या माप," शेठ म्हणाले.

जीवराम अक्काच्या पाठीकडे बघत होता. "अक्का, तवा तुम्ही अशा वाकल्या होत्या का?"

"नाही रे. ताठ होती मी तवा."

त्याने मापात एक वीत वाढवली. दोन पायऱ्या वाढल्या म्हणून शेठ कुरकुरले. उरलेली भिंत जीवरामने राखली आणि तिच्यावर नवे थर तसेच मागे घेत चढवले.

दोन वर्षांनी भर जत्रेत तापी चढली. साठ-सत्तर माणसे आत होती, जीवरामच्या पिशवीत मीही. पाणी एकेक पायरी गिळत वर आले आणि फरशीखाली चार बोटांवर थांबले. ती चार बोटे त्या वाढवलेल्या वितीचीच होती. पाणी उतरल्यावर तिथे नवी रेघ कोरली गेली. अक्काने नातसुनेचा हात धरून त्या रेघेला शेंदूर लावून घेतला.

आता १९४६ साल आहे. अक्का नाही, जीवराम नाही. त्याच्या घरचे दार आपोआप लागावे म्हणून मला दाराला वजन म्हणून टांगले आहे. दिवसभर आपटतो, तक्रार नाही. मित्रांनो, जुनी भिंत वाकडी दिसली, तर मला जरूर लावून पाहा. किती वाकडी ते मी सांगेन, का वाकडी ते मला कळत नाही. म्हणून कुदळ उचलण्याआधी गावातल्या एखाद्या वाकलेल्या म्हातारीला तिथे बोलवा, आणि तिला हात वर करायला सांगा.