आशीर्वादाआधी कोणी उतरत नाही

पटेलसाहेब, तुम्ही खोटं बोललात. "आतच बसा, गाडी निघालीय," असं तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. गाडी निघालीच नव्हती. तुमच्या चौकीच्या पायरीवरून आमच्या मांजरी गावातल्या चर्चचा क्रूस दिसतो. त्या रविवारी किंकाळ्या तेवढ्या ऐकू आल्या नाहीत?

पंचनाम्यात तुम्ही नुसतं 'हॉल' लिहिलंय. लोक बसतात त्या मधल्या भागाला इंग्रजीत नेव्ह म्हणतात, लॅटिनमधल्या जहाजाच्या शब्दावरून. पुन्हा आत गेलात तर छताकडे बघा, पटेल. लाकडी फासळ्या अशा आहेत की तारूच पालथं घातलंय. आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने अनंतमामा साळवे हे प्रत्येक पोराला शिकवायचे. त्यावरूनच त्यांनी शिस्त लावली होती : शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत तारवातून कोणी उतरायचं नाही. लघवीला उठलं तरी डोळे वटारायचे.

त्या दिवशी पाळक गावाला गेले होते, उपासना मामाच घेत होते. बाहेर पृथ्वीराज आला. शेजारच्या टॉवरचा बिल्डर. सोबत गज घेतलेली टोळी. मी लगेच तुम्हाला फोन लावला. "धर्मांतर बंद करा!" ओरडत होते. वर्षभर आमची जागा मागतोय, हे काही तो ओरडला नाही.

पहिल्या दगडाने खिडकी फुटली. खिडकीशी बसलेल्या कुसुममावशींच्या गालात काच घुसली.

माझी बहीण ऋचा उठली. "मामा, मागचं दार मोकळं आहे. बायकापोरं काढू या."

"खाली बस. साहेबांनी आतच थांबायला सांगितलंय, विश्वजीतने आत्ताच फोन केला ना! आणि आशीर्वाद व्हायचाय." मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग देऊन टाका की एकदाचा!"

मामांनी दोन्ही हात वर केले. तेवढ्यात दार कोसळलं. पहिला गज त्या वर केलेल्या हातांवरच बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. मावशींना केसांना धरून बाकांमधून फरफटवलं. ऋचा मध्ये पडली, तिच्या डोळ्यावर बाकाची फळी घातली. मी एकाच्या मनगटाला चावलो, तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं कुणास ठाऊक.

मामांचे हात लोंबत होते. तसेच खांद्यातून उचलत ते आशीर्वाद म्हणत राहिले. 'आमेन' म्हणाले आणि डोक्यात घाव बसला. मग कुठे आमची माणसं मागच्या दाराकडे पळाली. वेड्यांनो, तोवर बसून होतात!

मामा तिथेच गेले. ऋचाचा डावा डोळा गेला.

गाडी आली तेव्हा फरशीवरचं रक्त वाळलं होतं. तुमचा हवालदार मलाच विचारतो, "मागचं दार होतं ना? मग पळाला का नाहीत?"

मामांची शिस्त आम्हांला नडली, कबूल. मामांशी ते भांडण मी कबरीपाशी भांडेन. पण "बसा" तुम्हीही म्हणालात, आणि तुम्हाला तर बाहेर काय चाललंय ते दिसत होतं. गाडी कोणाच्या सांगण्यावरून थांबवलीत? माझ्या फोनआधी पृथ्वीराजचा फोन आला होता का? मी चौकीच्या पायरीवर बसलोय. उत्तर द्या.